ग्रामसभेतील प्रोजेक्टर : नेहमीचे बिघाड व त्यांवरील उपाय

ता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा विस्तार कार्यकर्त्याच्या साहित्यात फ्लॅश कार्डे, भित्तिपत्रके, फिल्मपट्टी आणि क्वचित सोळा मिलिमीटरचे चित्रपटयंत्र असे. फिल्म तुटे, दिवा जळे, रीळ उलटे बसे. आता त्या यंत्राची जागा डिजिटल प्रोजेक्टरने घेतली आहे. हा प्रोजेक्टर वजनाने हलका असून एका पिशवीत मावतो, आणि त्यात तुटण्यासारखी फिल्मच नसते. तरीही संध्याकाळी चावडीसमोर दीडदोनशे माणसे जमलेली आहेत, पडद्यावर निळा चौकोन झळकत आहे, त्यात ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे दिसत आहेत आणि कार्यकर्ता घामाघूम होऊन एकामागून एक बटणे दाबीत आहे, हे दृश्य आजही दुर्मिळ नाही. दिवसभर रानात राबून आलेला शेतकरी अर्धा तास वाट पाहतो, मग उठून घरी जातो. पुढच्या सभेला तो येईलच असे नाही.

अशा वेळी बहुधा यंत्र बिघडलेले नसते. वीज बोर्डातून निघून पडद्यावर चित्र होईपर्यंतच्या वाटेत कोठेतरी एखादा दुवा सुटलेला असतो. म्हणून कोणताही बिघाड शोधताना सर्व बटणे एकदम दाबू नयेत. वीज, यंत्र, केबल, लॅपटॉप आणि शेवटी पडदा या क्रमाने एकेक दुवा तपासावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहूनच दुसरीला हात घालावा. मोटार पाणी उचलीत नसेल तर जाणता शेतकरी प्रथम वीज, मग फूटव्हॉल्व्ह, मग पाइपाचे सांधे पाहतो. येथेही रीत तीच.

वीज

प्रोजेक्टरवरील लहान दिवा मुळीच लागत नसेल तर दोष यंत्राबाहेर आहे असे प्रथम धरावे. त्याच सॉकेटात मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. यंत्राच्या मागील बाजूस प्लग अर्धवट बसलेला असणे हा सर्वांत सामान्य दोष होय. काही यंत्रांना मागे वेगळा खटका असतो, तोही पाहावा.

खेड्यातील विजेचा दाब कमीजास्त होतो, म्हणून प्रोजेक्टर जळेल अशी भीती अनेकांना वाटते. बहुतेक प्रोजेक्टर १०० ते २४० व्होल्टच्या दरम्यान चालतील असेच बनविलेले असतात, आणि ही मर्यादा यंत्राखालच्या पट्टीवर छापलेली असते. त्यामुळे रात्री शेतीपंप सुरू झाल्यावर दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला तरी यंत्राला सहसा धोका नसतो. खरा धोका दाब वाढण्यात आहे. खांबावरची न्यूट्रल तार सैल झाली की काही घरांतील दिवे मिणमिणतात आणि काही घरांतील दिवे डोळे दिपवतील असे पेटतात. अशा वेळी एखाद्या घरात २३० व्होल्टऐवजी तीनशेहून अधिक दाब येऊ शकतो. सभेच्या जागी दिवे असे वागताना दिसले तर तेथील वीज घेऊ नये. आकडा टाकून वीज घेणे तर कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. सरकारी कार्यक्रमासाठी ते कोणीही सुचवू नये व कोणी सुचविल्यास मानू नये.

दिव्याचा साधारण प्रोजेक्टर सुमारे २५० ते ३०० वॅट वीज घेतो. घरगुती इन्व्हर्टरवर तो एक कार्यक्रम पुरेल इतका वेळ चालतो, आणि बॅटरी चांगली असेल तर इन्व्हर्टर हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय. जनरेटर वापरावयाचा असल्यास तो आधी सुरू करावा, त्याचा आवाज स्थिरावू द्यावा आणि मगच प्रोजेक्टर जोडावा. जनरेटर चालू असताना त्यात इंधन ओतू नये.

कार्यक्रम चालू असता वीज गेली आणि दोन मिनिटांत परत आली, तर प्रोजेक्टर पुष्कळदा सुरू होत नाही. कार्यकर्ता घाबरतो, पण हा बिघाड नव्हे. यंत्रातील पाऱ्याचा दिवा तापलेला असतो व त्यातील वायूचा दाब फार वाढलेला असतो. तो थंड होईपर्यंत दिवा पेट घेत नाही. पाच ते दहा मिनिटे थांबावे, एवढाच उपाय. तेवढ्यात प्रश्नोत्तरे सुरू करावीत. सभेतील उत्तम प्रश्न पुष्कळदा अशा अंधारातच विचारले जातात. एलईडी किंवा लेसरच्या यंत्रांत ही अडचण येत नाही.

यंत्र चालू, चित्र नाही

पडद्यावर प्रकाश आहे पण लॅपटॉपचे चित्र नाही, असे झाल्यास केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा नीट बसवावी. यानंतर प्रोजेक्टरवरील किंवा रिमोटवरील ‘सोर्स’ हे बटण दाबून जी केबल लावली आहे तीच निवडावी. केबल एचडीएमआयची आणि यंत्र व्हीजीएची वाट पाहत बसलेले, असे वारंवार घडते. तरीही चित्र न आल्यास लॅपटॉपवर विंडोजची कळ दाबून धरून ‘पी’ ही कळ दाबावी. चार पर्याय दिसतील. त्यांपैकी ‘डुप्लिकेट’ निवडला म्हणजे लॅपटॉप व पडदा या दोन्हींवर सारखेच चित्र दिसते. ‘एक्स्टेंड’ निवडले गेले असेल तर पडद्यावर फक्त मागची निसर्गशोभा दिसते आणि फिल्म मात्र लॅपटॉपवरच चालते. येथेच पुष्कळांची फसगत होते.

मोबाइलवरून चित्र दाखवू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चार्जिंगच्या छिद्रातून चित्र बाहेर पाठविण्याची सोय प्रत्येक मोबाइलमध्ये नसते. केबल बसली म्हणजे चित्र आलेच असे नाही, तेव्हा हा प्रयोग कार्यालयात आधी करून पाहावा. पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावूनही काही यंत्रे फिल्म दाखवितात, पण त्यांना प्रत्येक प्रकारची फाइल वाचता येत नाही.

रंग बिघडतो तेव्हा

आवाज नसला किंवा चित्र वाकडे असले तर ते सर्वांनाच कळते आणि कोणी ना कोणी ओरडून सांगतो. रंग बिघडला तर मात्र कोणालाच काही कळत नाही, आणि शेतीच्या कामात सर्वांत मोठे नुकसान याच दोषाने होते. त्याकडे म्हणूनच विशेष लक्ष दिले पाहिजे.

प्रोजेक्टर तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून सर्व रंग निर्माण करतो. तांबडा व हिरवा प्रकाश एकत्र आला की डोळ्यांना पिवळा दिसतो, आणि तिन्ही एकत्र आले की पांढरा. जुन्या व्हीजीए केबलच्या टोकास पंधरा बारीक पिना असतात, आणि त्यांत या तीन रंगांसाठी वेगवेगळ्या पिना असतात. त्यांतील एखादी वाकली की तो रंग पडद्यापर्यंत पोचत नाही. निळा तुटला तर पांढरा भाग पिवळा दिसतो. हिरवा तुटला तर सर्व चित्र जांभळट गुलाबी होते. तांबडा तुटला तर पांढऱ्याच्या जागी निळसर हिरवा येतो.

आता याचा पिकाशी संबंध पाहू. सोयाबीनवरील पिवळ्या मोझॅकचे चित्र दाखविले जात आहे आणि केबलमधून तांबडा रंग येत नाही, अशी कल्पना करावी. पानावरील पिवळे चट्टे तांबडा व हिरवा मिळून झालेले आहेत. त्यांतला तांबडा गेला की उरतो हिरवा. रोगट पान पडद्यावर निरोगी दिसते! उलट निळा रंग नसेल तर निरोगी पानालाही पिवळसर छटा येते, आणि समोर बसलेला शेतकरी मनाशी म्हणतो की आपल्याही शेतात असेच आहे. दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन फवारणीचे औषध घेऊन येतो. मक्याच्या पानावर स्फुरदाच्या कमतरतेने येणारी जांभळट छटाही अशीच बदलते किंवा नाहीशी होते. खर्च होतो शेतकऱ्याचा, दोष असतो एका वाकलेल्या पिनेचा.

यासाठी सभा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक कोरे पांढरे पान उघडावे व तेथे खरोखरीच पांढरे दिसते की नाही हे पाहावे. यास अर्धा मिनिटही लागत नाही. यानंतर शेतातून आणलेले एक ताजे हिरवे पान हातात धरून पडद्यावरील हिरव्याशी ताडून पाहावे. रंग चुकत असल्यास व्हीजीए केबल काढून पिना पाहाव्यात. वाकलेली पिन बारीक चिमट्याने हलकेच सरळ होते, पण पुन्हा पुन्हा वाकविल्यास तुटते. शक्य असेल तेथे एचडीएमआय केबल वापरावी. तिच्यात असा एकच रंग गळून पडण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

केबल ठीक असूनही रंग चुकतो तेव्हा भिंतीकडे पाहावे. चुन्यात नीळ घालून रंगविलेल्या भिंतीवर चित्र निळसर दिसते, पिवळी माती सारवलेल्या भिंतीवर पिवळसर. जाड पांढरी चादर ताणून बांधली तर ती कोणत्याही रंगीत भिंतीपेक्षा बरी. प्रोजेक्टरमध्येही ‘व्हिव्हिड’, ‘ब्राइट’, ‘ब्लॅकबोर्ड’ अशा नावांचे रंगांचे संच असतात. त्यांपैकी ‘ब्राइट’ मध्ये बहुतेक यंत्रांत हिरव्या रंगाचा जोर वाढतो आणि ‘ब्लॅकबोर्ड’ तर मुद्दाम रंग पालटतो. पिकांची चित्रे दाखविताना ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ ठेवावे.

चित्राच्या एकाच कोपऱ्यात पिवळा किंवा निळा डाग कायम राहत असेल तर एलसीडी प्रकारच्या यंत्रातील आतील पट्टी उष्णतेने खराब झाली असण्याचा संभव असतो. डीएलपी प्रकारच्या यंत्रात अतिशय सूक्ष्म आरशांची एक चकती असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली ती शोधून काढली. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या यंत्रात असे ७,८६,४३२ आरसे असतात. एखादा आरसा अडकला की पडद्यावर एक पांढरा किंवा काळा ठिपका कायमचा दिसू लागतो. असे ठिपके हळूहळू वाढू लागले तर चकती बदलावी लागते. हे दोन्ही दोष गावात दुरुस्त होणारे नव्हेत. तोपर्यंत किडीच्या चित्रात तो ठिपका किडीच्या अंगावर येणार नाही एवढे पाहावे.

आकार

मक्यावरील लष्करी अळी २०१८ साली भारतात प्रथम आढळली. तिची ओळख दोन खुणांवरून पटते. डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे ठेवल्यासारखी फिकट खूण असते, आणि शेपटाकडील शेवटून दुसऱ्या भागावर चौरसाच्या चार कोपऱ्यांत बसविल्यासारखे चार काळे ठिपके असतात. प्रोजेक्टर जमिनीवर ठेवून वर तिरपा केला की चित्र वरच्या बाजूस रुंद होते. लॅपटॉपचे रुंद चित्र जुन्या चौकोनी प्रोजेक्टरवर कोंबले की ते उभे ताणले जाते. अशा चित्रात चौरस चौरस राहत नाही व अळी बारीक आणि लांब दिसते.

तिरपेपणा घालविण्यासाठी यंत्रात ‘कीस्टोन’ नावाची सोय असते, पण ती वापरताना चित्रातील काही ठिपके वाया जातात व अक्षरे पुसट होतात. तेव्हा प्रथम यंत्रच टेबलावर, टेबलावर पोत्यांची थप्पी ठेवून किंवा बैलगाडीच्या साटीवर, पडद्याच्या मध्याच्या समोर सरळ ठेवावे. कीस्टोन उरलेल्या फरकापुरतेच वापरावे. चित्राची एक बाजू स्पष्ट व दुसरी अस्पष्ट असेल तर यंत्र पडद्यासमोर तिरके बसले आहे. अक्षरे उलटी, आरशातल्यासारखी दिसत असतील तर यंत्राच्या यादीत ‘रिअर’ हा पर्याय चुकून निवडला गेला आहे, त्याऐवजी ‘फ्रंट’ निवडावे.

पडद्यावर हातभर मोठी माशी पाहून ‘एवढ्या मोठ्या माश्या आमच्याकडे नसतात’ असे सांगून निर्धास्त झालेल्या ग्रामस्थाची गोष्ट विस्तारकार्याच्या वर्गांतून फार दिवस सांगितली जाते. तिच्यावर हसण्यापेक्षा किडीच्या प्रत्येक चित्रात शेजारी आगपेटीची काडी किंवा नाणे ठेवलेले असावे हे बरे.

चित्र फिकट का दिसते

यंत्राचा प्रकाश ‘ल्युमेन’ या मापात सांगतात. तीन हजार ल्युमेनच्या यंत्राने २ मीटर रुंद व दीड मीटर उंच चित्र टाकले तर दर चौरस मीटरला एक हजार ल्युमेन प्रकाश मिळतो. तेच चित्र ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच केले तर क्षेत्र चौपट होते आणि प्रकाश अडीचशेवर उतरतो. भरउन्हात जमिनीवर याच मापाने सुमारे एक लाख प्रकाश पडतो, आणि उघड्यावरच्या सावलीतही हजारोंच्या घरात. दिवसा मांडवाखाली चित्र दिसत नाही यात यंत्राचा काहीच दोष नाही. सूर्यास्तानंतर अर्धा तास थांबावे, किंवा शाळेची खोली घेऊन खिडक्या झाकाव्यात.

गर्दी मोठी आहे म्हणून चित्र मोठे करण्याचा मोह होतो. दोन मीटर रुंद चित्र बारा मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत साधारणपणे नीट दिसते, म्हणजे रुंदीच्या सहापट अंतरापर्यंत. त्याहून अधिक लोक असतील तर चित्र ताणण्याऐवजी कार्यक्रम दोनदा करावा. यंत्र पडद्यापासून किती दूर ठेवावे हे लेन्सवर अवलंबून असते. पुष्कळ साध्या यंत्रांत तीन मीटर अंतरावर सुमारे दोन मीटर रुंदीचे चित्र मिळते. बॅटरीवर चालणाऱ्या लहान प्रोजेक्टरचा प्रकाश बराच कमी असतो. ते वीसपंचवीस माणसांच्या गटासाठी व पूर्ण अंधारासाठीच आहेत. बेंगळुरू येथे २००६ साली सुरू झालेल्या डिजिटल ग्रीन या उपक्रमात अशाच लहान यंत्रांवर, शेजारच्या गावातील शेतकऱ्यांनीच केलेली कामे लहान गटांना दाखविण्यात आली, आणि फिल्म मध्येच थांबवून चर्चा करण्याची रीत तेथे पाळली गेली. ही रीत मोठ्या यंत्रावरही लागू पडते.

प्रकाश दिवसेंदिवस कमी होत गेला असेल तर दिव्याचे आयुष्य संपत आले आहे. पाऱ्याचा दिवा प्रकारानुसार दोन ते पाच हजार तास चालतो. एलईडी व लेसरच्या यंत्रांचे आयुष्य वीस हजार तासांच्या आसपास सांगितले जाते. किती तास झाले हे यंत्राच्या यादीत पाहता येते. ‘इको’ पर्याय ठेवल्यास प्रकाश थोडा उतरतो पण दिवा अधिक टिकतो. दिवा बदलताना यंत्र पूर्ण थंड झालेले असावे, प्लग काढलेला असावा व काचेला बोट लागू नये. दिवा आत फुटलाच तर त्यातील पाऱ्याची वाफ विषारी असते. माणसांना, विशेषतः मुलांना, बाहेर काढून दारेखिडक्या उघडाव्यात. तुकडे उघड्या हातांनी उचलू नयेत व उकिरड्यावर टाकू नयेत, ते ई-कचऱ्यात द्यावेत.

उष्णता, धूळ आणि कीटक

कार्यक्रम सुरू होऊन वीस मिनिटे झाली की यंत्र आपोआप बंद पडते आणि तांबडा दिवा लुकलुकू लागतो, ही उन्हाळ्यातील ठराविक तक्रार आहे. यंत्राला आपली उष्णता बाहेर टाकता आली नाही की ते स्वतःला वाचविण्यासाठी बंद होते. बाजूची जाळी उघडावी. खळ्यावरील भुसा, रस्त्याची धूळ व कापसाचे तंतू यांचा तेथे नमदाच झालेला आढळेल. मऊ कोरड्या ब्रशाने तो काढावा. तोंडाने फुंकर मारू नये, कारण तीबरोबर थुंकीचा ओलावा आत जातो. पंपाची जोरदार हवा थेट आत सोडल्यास पंखा उलटा फिरून खराब होतो. गादीवर, रजईवर किंवा भिंतीला टेकून यंत्र ठेवू नये. चहूबाजूंनी हातभर जागा मोकळी असावी.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखधारी किडे प्रकाशाकडे झेपावतात. प्रकाश सापळा लावणाऱ्या शेतकऱ्यास हे सांगावयास नकोच. प्रोजेक्टर हाही त्या संध्याकाळी एक प्रकाश सापळाच होतो आणि किडे पंख्याच्या वाटेने आत ओढले जातात. काही जण यावर उपाय म्हणून यंत्रावर कापड टाकतात. तसे केल्यास यंत्र तापून बंद पडणार हे निश्चित. सभेपासून पन्नास पावलांवर एक मोठा दिवा उघडा लावून ठेवावा, बहुतेक कीटक तिकडे वळतात. डासांसाठी गोवऱ्यांचा धूर करावयाचा तर तो वाऱ्याच्या खालच्या बाजूस करावा. धुराची काजळी लेन्सवर व आतल्या काचांवर बसते आणि ती गावात पुसता येत नाही.

आवाज व अक्षरे

एचडीएमआय केबल लावली की आवाजही प्रोजेक्टरकडे जातो आणि त्याच्या लहानशा भोंग्यातून कसाबसा ऐकू येतो. लॅपटॉपवरील ध्वनीच्या चिन्हावर जाऊन लॅपटॉपचा ध्वनिमार्ग निवडावा व मोठा स्पीकर तेथे जोडावा. व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही. स्पीकरमध्ये घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहावा. घरघर थांबली तर दोष अर्थिंगचा आहे. प्लगची तिसरी पिन तोडून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे, फक्त लॅपटॉप बॅटरीवर चालवावा.

मराठी मजकुराच्या जागी विचित्र इंग्रजी चिन्हे दिसली तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेला आहे व तो फाँट त्या लॅपटॉपमध्ये नाही. ज्या संगणकावर मजकूर बरोबर दिसतो तेथेच त्याची पीडीएफ करून न्यावी.

कार्यक्रम संपल्यावर

यंत्र बंद करण्याचे बटण दाबल्यावर पंखा काही वेळ फिरत राहतो. तो थांबण्यापूर्वी प्लग काढू नये. घाईने प्लग ओढून गरम यंत्र पिशवीत कोंबणे व लगेच मोटारसायकलच्या मागे बांधून खड्ड्यांतून नेणे, याने जितके दिवे मरतात तितके जुने होऊन मरत नसतील. पिशवी पाठीवर घ्यावी. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि यंत्र वापरात नसले तरी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास चालवावे, नाहीतर लेन्सवर बुरशी धरते. लेन्स चष्म्याच्या मऊ कापडाने पुसावी, धोतराच्या सोग्याने नव्हे.

सभेला निघताना पिशवीत एक जादा केबल, एक्स्टेन्शन बोर्ड, ब्रश आणि पेनड्राइव्हवर फिल्मची दुसरी प्रत असावी. त्याचबरोबर ज्या किडीविषयी किंवा रोगाविषयी बोलावयाचे आहे तिचा खरा नमुना, झाकणाला भोके पाडलेल्या बरणीतील अळी किंवा मुळासकट उपटलेले रोगट झाड, सोबत घ्यावे. यंत्र चालले तरी तो नमुना सभेत हातोहात फिरवावा. यंत्र दहा मिनिटांत सुरू झाले नाही तर लोकांना ताटकळत न ठेवता त्या नमुन्यावरच बोलणे सुरू करावे, आणि यंत्राचा शोध दुसऱ्या दिवशी कार्यालयात घ्यावा. कोणत्या दिवशी कोणता दिवा लुकलुकला, किती मिनिटांनी यंत्र बंद पडले आणि त्या वेळी ते कोणत्या केबलवर होते, हे त्याच रात्री वहीत टिपून ठेवावे. दुरुस्ती करणारा माणूस हेच प्रश्न विचारतो.